मधी आणि मध्ये

त्या सोमवारी दादांना ओळीच्या मध्यातला शब्द दिसला नाही. ओळीची सुरुवात दिसली, शेवट दिसला. त्यांनी प्रूफवर खूण केली, समासात लिहिलं, 'येथे शब्द सुटला आहे', आणि कागद माझ्या टेबलावर ठेवला. शब्द सुटलेला नव्हता.

"दादा, शब्द आहे की," मी म्हटलं.

त्यांनी कागद हातात घेतला, मान जरा उजवीकडे वळवली आणि कागदाकडे न बघता खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आहे. आहे की." आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. मला वाटलं, झोप झाली नसेल.

मान वळवून, भलतीकडे बघत तुमच्याशी बोलणारा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. अशा माणसाबद्दल आपण पटकन मत करून घेतो. कुणी म्हणतं गर्विष्ठ आहे, कुणी म्हणतं काहीतरी लपवतोय. दादांबद्दल पुढे ही दोन्ही मतं झाली. पण ते भलतीकडे बघायचे, ते समोरचा माणूस दिसावा म्हणूनच. हे कळायला आम्हालाही वेळ लागला.

नांदेडच्या एका छापखान्यात आम्ही बरोबर काम करायचो. मी अक्षरजुळणी करते, अजूनही करते. दादा मुद्रितशोधक. पतसंस्थांचे अहवाल, शाळांची मार्गदर्शकं, लग्नपत्रिका, हौशी कवींचे संग्रह, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. सकाळी दारातूनच "जय भीम, ताई" असा आवाज यायचा, मग डबा ठेवल्याचा, मग लाल पेनाचं टोपण काढल्याचा. ते लातूरकडच्या मुरुडचे. वडील सालगडी होते. त्यांना अक्षरओळख नव्हती. घरात पहिलं पुस्तक आलं ते दादांच्या दप्तरातून. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि तेही एका कवीच्या प्रस्तावनेतली वेलांटी दुरुस्त करता करता. अक्षर ही त्यांच्या घरात नवी आलेली वस्तू होती. नव्या वस्तूला माणूस जसा जपून हात लावतो, तसा ते प्रूफाला लावायचे.

दादांच्या तोंडात दोन मराठी होत्या. एक छापखान्यातली, स्वच्छ, 'नाही' आणि 'मध्ये' आणि 'आहे' अशी. दुसरी मुरुडची. ती त्यांनी आत कुठेतरी कोंडून ठेवलेली असायची, घरीसुद्धा. बाहेर यायची ती फक्त घाबरल्यावर. एकदा एका लग्नपत्रिकेवर नवरीच्या आईच्या जागी नवऱ्याच्या आत्याचं नाव छापलं गेलं. दादा धावत माझ्याकडे आले. "ताई, पत्रिका गेल्या का? गेल्या न्हाईत ना? सांगा ना, न्हाईत ना?"

गेल्या नव्हत्या. मी हसून म्हटलं, "दादा, तुम्ही घाबरलात की तुमचं 'नाही' बदलतं."

ते म्हणाले, "म्हणजे माझी भीती शुद्धलेखनाच्या चुकीसारखी पकडता येते तर." हे त्यांना फार आवडलं. पण त्या दिवसापासून मला त्यांच्या बोलण्याची वाचक व्हावं लागलं. ते 'मध्ये' म्हणाले की मी निश्चिंत, 'मधी' म्हणाले की माझे कान उभे.

वहिनींचं, म्हणजे दादांच्या बायकोचं, तसं नव्हतं. त्या अर्धापूरच्या, केळीच्या बागांतून वाढलेल्या. त्यांच्या तोंडात एकच मराठी. आनंदातही तीच, रागातही तीच. "आपल्याला दोन-दोन परवडत न्हाईत," असं त्याच म्हणायच्या.

त्या सोमवारनंतर दादांच्या प्रूफांवर एक नवी खूण दिसायला लागली. 'ओळ वाकली.' एका पानावर, मग दुसऱ्या, मग सगळ्याच. मला राग आला. ओळ मी नाही, संगणक बसवतो. ती वाकेल कशी? मी पट्टी घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले, ओळीखाली पट्टी ठेवली.

"बघा, सरळ आहे."

दादांनी मान वळवली, खिडकीकडे बघितलं, परत कागदाकडे. "ताई," ते हळू म्हणाले, "पट्टीपण वाकडी हाय."

मी हसले. मग 'हाय' ऐकू आलं, आणि हसणं तोंडातच राहिलं.

लातूर माझं माहेर. तिथल्या एका नेत्रतज्ज्ञांकडे मी दोघांना घेऊन गेले. बसमध्ये वहिनींनी केळी सोलून सोलून आमच्या हातात दिली, जणू आम्ही सहलीला निघालो होतो. डॉक्टरांनी तपासलं आणि सरळ सांगितलं, की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो आहे. वय झालं की काहींना होतं. पूर्ण अंधार होणार नाही. कडा राहतील. पण मध्य हळूहळू जाईल. ज्याच्याकडे सरळ बघाल, तेच दिसणार नाही.

दादांनी नेहमीच्या स्वच्छ भाषेत विचारलं, "आणि गेलेला मध्य परत येत नाही?"

"नाही," डॉक्टर म्हणाले.

"न्हाई?" दादा म्हणाले.

डॉक्टरांना वाटलं त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून ते पुन्हा मोठ्याने म्हणाले, "नाही." मी दादांच्या हाताकडे बघत होते. तो खिशातल्या लाल पेनावर होता.

डॉक्टरांनी एक कागद दिला. गणिताच्या वहीसारख्या चौकटी, आणि बरोबर मधोमध एक ठिपका. रोज सकाळी एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं. ओळी जास्त वाकल्या, तुटल्या, कुठे खड्डा पडला, तर लगेच यायचं. वहिनींनी तो कागद घरी फ्रिजवर चिकटवला. पुढे मी त्यांच्याकडे सकाळी कधी गेले, की दादा फ्रिजसमोर उभे दिसायचे, एक हात डोळ्यावर. साप आहे की दोरी हे बघायला माणूस जसा थोडा लांब उभा राहतो, तसे.

परतीच्या बसमध्ये ते बराच वेळ वहिनींच्या बाजूच्या खिडकीकडे बघत होते. वहिनी म्हणाल्या, "काय बघून राहिले बाहेर? काळोख हाय नुसता."

"बाहेर न्हाई. तुला बघून राहिलो. तुझं तोंड बघायचं तर खिडकीकडं बघावं लागतंय."

"मंग बघा खिडकीकडं," वहिनी म्हणाल्या. "खिडकी काय लाजती व्हय?"

दादा हसले. मीही. बस धडधडत होती, आणि वहिनींनी पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. नवऱ्याला आपला चेहरा दिसत नाही हे कळल्यावर त्यांनी तो झाकून का घेतला असेल, याचा मी अजून विचार करते.

मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी दादांना घरून काम करायला सांगितलं आणि छापखान्यातला एक जुना संगणक दिला. मी त्यात मराठी वाचून दाखवणारी एक सोय बसवली. मजकूर संगणक मोठ्याने वाचणार, दादा कानाने चुका पकडणार. सुटलेला शब्द, दोनदा आलेला शब्द, अर्धवट वाक्य हे सगळं कानाला कळतं. कळत नाही ते ऱ्हस्व-दीर्घ. 'कि' असो की 'की', तो आवाज दोन्ही सारखंच म्हणतो. ही वाटणी दादांनीच केली: "ऱ्हस्व-दीर्घ तुमचं, अर्थ माझा." बोलायला हलकं बोलले. पण मला ठाऊक होतं की हे जमलं नाही तर त्यांचं अक्षराशी असलेलं नातं तुटणार होतं. वडिलांपासून ते त्यांच्यापर्यंत जे एका पिढीत आलं, ते त्यांच्याच हयातीत परत जाणार होतं. एकदा म्हणालेही, "बापानं अक्षर बघितलं न्हाई. मी बघितलं, अन् आता बघता बघता हरवून राहिलोय."

संगणकाच्या पेटीतला तो इवलासा स्पीकर काही कामाचा नव्हता. डब्यात कोंडलेल्या माशीसारखा आवाज. शब्दांची शेपटं, 'ला', 'ने', 'चा', ती गिळून टाकायचा. दादा पुढे वाकून वाकून ऐकायचे आणि तरी त्यांना खात्री वाटायची नाही.

तेव्हा वहिनींनी माळ्यावरून दोन लाकडी स्पीकर खाली काढले. जुन्या डेकचे. डेक कधीच जळून गेला होता. स्पीकर तेवढे क्रोशाच्या रुमालाखाली जपून ठेवलेले. एके काळी जयंतीला हे खिडकीत ठेवून गल्लीभर गाणी लावायचे, असं दादा म्हणाले. "गाणारा माणूस दोन डब्यांच्या मध्ये उभा आहे, असं वाटायचं. डब्यात नाही. मध्ये, जिथं कुणीच नाही तिथं."

पहिला प्रयोग दादांनी स्वतः केला. डब्यांच्या उघड्या तारा एका जुन्या पिनेला गुंडाळल्या आणि पिन संगणकाच्या हिरव्या भोकात खुपसली. वहिनींनी डब्याच्या जाळीला कान लावला.

"बोलून राहिली," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"मुंगी."

मग मी आणि वहिनी दुकानात गेलो. दुकानदार दख्खनी वळणाचं बोलायचा. "भाभी, ह्या डब्यांत जान नाही. आजकालचे स्पीकर आपली ताकद आपल्या पोटात घेऊन येतात, हे तसे नाहीत. कॉम्प्युटर नुसता बोलतो, ढकलत नाही. दोघांच्या मधी अॅम्प लागतो." त्याने हातात मावेल असा एक अॅम्प्लिफायर दिला आणि दोनदा समजावलं: हिरव्या भोकातून निघालेली वायर लाल-पांढऱ्या पिनांनी अॅम्पमध्ये, अॅम्पमधून प्रत्येक डब्याला दोन तारा, आणि लाल लालला, काळी काळीला. "हे उलटं करू नका, भाभी," तो म्हणाला. आम्ही मान हलवली.

अॅम्प थेट विजेवर चालणारा, आणि विजेच्या कामाला दादा भ्यायचे; घरातले फ्यूज वहिनीच बसवायच्या. रविवारी सकाळी त्यांनी दातांनी तारांची टोकं सोलली आणि डब्यामागच्या चापांत अडकवली. एका डब्याच्या तारेवरची लाल रेघ उडून गेलेली होती, दोन्ही तारा मातकट. "कोणती लाल?" मी विचारलं. "ही असंल," वहिनी म्हणाल्या.

सुरू केल्यावर आधी नुसती घरघर आली. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "अर्थ नसेल. बघा बरं, अर्थ आहे का." त्याच्या बोलण्यात तो विजेचा अर्थ, जमिनीत पुरतात तो. दादा म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांच्या मजकुरात शोधत आलो. आता माझ्या भिंतीतही नाही म्हणतो." प्लग दुसऱ्या बोर्डाला लावला, घरघर थांबली, आणि खोलीभर आवाज भरला. एका पतसंस्थेचा अहवाल. 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की...' वहिनींनी टाळी वाजवली.

दादा दोन डब्यांच्या समोर खुर्चीत बसले होते. "छान आहे," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "छान आहे." मी घरी आले.

त्यानंतर त्यांच्याकडून प्रूफं उशिरा यायला लागली. आली की त्यांत नको तिथे खुणा असायच्या. एका दुपारी त्यांचा फोन आला. "ताई, येता का जरा? न्हाई, तसं काही न्हाई. सवडीनं या."

सवडीने जायचा प्रश्नच नव्हता. वहिनींनी दार उघडलं आणि स्वयंपाकघराकडे नेत कुजबुजल्या, "भाकर खाऊन न्हाई राहिले. मला म्हणतेत, बोल, काहीबी बोल. म्या बोलले की डोळे मिटून ऐकतेत, अन् मंग रडल्यावानी तोंड करतेत. काय झालंय सांगत न्हाईत."

दादा खुर्चीतच होते. संगणक बंद होता. मला म्हणाले, "दार लोटून घ्या."

मी लोटून घेतलं.

"आवाजाचं मधलं गेलंय," ते म्हणाले.

मला समजलं नाही.

"डाव्या अंगाला आवाज हाय. उजव्या अंगाला हाय. मधी कुणी न्हाई. ह्याच डब्यांतून पूर्वी गाणं लागलं की गाणारा मधी उभा ऱ्हायाचा. आता न्हाई. नुसता पोकळ, डोक्याच्या मागून कुठून तरी. ताई, डोळ्याचं मधलं गेलं, आता कानाचं चाललंय. हिला बोलायला लावतो अन् ऐकतो. हिचाबी आवाज मला मधून येत न्हाई असं वाटून राहिलंय. कडा राहतील म्हणाले होते ना डॉक्टर? म्हणाले होते की न्हाई? नुसत्या कडांवर माणूस कसा जगतो?"

एवढं सलग गावाकडचं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. एकही 'मध्ये' नाही, एकही 'नाही' नाही. त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट होते. बाहेर भाजीवाला ओरडत होता, आणि तो आवाज आला की दादा दचकून मान वळवत, तो कुठल्या बाजूने येतो ते पडताळून बघत होते. किती दिवस हा माणूस असा एकेका आवाजाला तपासत बसला असेल, कुणास ठाऊक.

मी म्हटलं, "उठा, मला बसू द्या." खुर्चीत बसले, संगणक सुरू केला. तोच अहवाल. मी डोळे मिटले. डावीकडे आवाज होता. उजवीकडे होता. समोर, जिथे तो असायला हवा, तिथे काहीच नव्हतं. आवाजाला जणू अंगच नव्हतं.

आधी मला भीती वाटली ती माझ्या स्वतःच्या कानांची. मीही जन्म डोळ्यांवर काढलेली बाई. मग मी संगणक थांबवला. "दादा, मलाही मध्ये कुणी ऐकू येत नाही."

"तुम्हालाबी?" ते पांढरेफटक पडले. "तुमच्याबी कानाला...?"

दार ढकलून वहिनी आत आल्या. त्या बाहेर उभ्या राहून सगळं ऐकत होत्या, हे उघड होतं. "दोघांचे कान एकाच दिशी गेले व्हय?" त्या म्हणाल्या. "साथ आली का काय नांदेडात? अवो, डबे बघा की आधी, डबे!"

दुकानदाराला पुन्हा फोन. तो हसला असावा. "एका डब्याची तार उलटी लागलीय, भाभी. एक डबा हवा बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो. मग मधला माणूस मरतो."

वहिनी फोन कानाला लावूनच खाली बसल्या. मातकट तारांच्या डब्यामागे हात घातला, चाप दाबले, दोन तारांची अदलाबदल केली. मी संगणक सुरू केला.

आवाज समोरच्या भिंतीपाशी आला. जिथे कॅलेंडर होतं तिथे, उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. डब्यांतून काही येतंय असं वाटेचना. 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की' असं तो भिंतीशी उभा राहून आम्हाला सांगत होता. दादा खुर्चीच्या पाठीला धरून माझ्या मागे उभे होते. मी उठले, ते बसले. कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मान न वळवता सरळ समोर बघितलं.

"मध्ये आला," ते म्हणाले.

मध्ये. मी ते नीट ऐकलं. वहिनींना त्यात विशेष काही वाटलं नाही, त्या म्हणाल्या, "आला ना? मंग आता जेवा."

त्यानंतरचे दिवस बरे गेले. दादांचं काम परत जाग्यावर आलं. कानाने त्यांनी अशा चुका पकडल्या ज्या मला डोळ्यांनी दिसल्या नव्हत्या, आणि त्यांनी सोडलेल्या वेलांट्या मी पकडल्या. खुर्चीची जागा मात्र ठरलेली. वीतभर इकडेतिकडे झाली तरी मधला माणूस एका डब्याकडे सरकायचा. वहिनी झाडताना खुर्ची बाजूला ढकलायच्या आणि मग आतून हाक यायची, "अगं, माणूस सरकला!" वहिनी कुंचा हातात घेऊन यायच्या, खुर्ची जाग्यावर आणायच्या आणि म्हणायच्या, "एवढं जपलं असतं मला." हे रोज चालायचं.

एकदा त्यांनी वहिनींना कॅलेंडरखाली नेऊन उभं केलं आणि संगणक सुरू केला. पुरुषी आवाज वहिनींच्या जागेवरून बोलायला लागला. "म्या बोलकी बाहुली हाय का काय?" वहिनी ओरडल्या. "मिशा फुटल्या का बघा मला!" आम्ही हसून हसून थकलो. पण पुढे मी पाहिलं, दादा त्यांना तिथेच बसायला सांगायचे. शेंगा निवडायच्या असोत, भाजी चिरायची असो, कॅलेंडरखाली. मी कारण विचारलं.

"ताई, मी सरळ बघतो तिथं काही नसतं," ते म्हणाले. "धूर असतो. तिथून आवाज आला की कळतं, इथं कुणीतरी आहे. आणि मला ठाऊक असतं कोण आहे."

भीती गेली असं मी म्हणणार नाही. फ्रिजवरचा कागद होताच. हिवाळ्यात एका सकाळी तो जागेवर दिसला नाही. दादांनी तो काढून घडी करून ठेवला होता. "चौकटी दिसेनात आता. कोरा कागद बघून काय करू?" हे ते छापखान्यातल्या मराठीत म्हणाले, आणि मी उगीच बरं वाटून घेतलं. पण उन्हाळ्यापासून 'मधी' पुन्हा यायला लागला. आधी एखादा, मग बराच. फोनवर मी एखादा परिच्छेद वाचून दाखवला की शेवटी विचारायचे, "कडा राहतील म्हणाले होते ना?" मी म्हणायचे, हो. थोड्या वेळाने पुन्हा विचारायचे. एकदा, संगणक वाचत असताना, त्यांनी मध्येच तो थांबवला आणि शांत खोलीत विचारलं, "अगं, हायेस ना?" वहिनी समोरच होत्या. कॅलेंडरखाली.

गेल्या दिवाळीनंतर दादा वारले. सकाळी छातीत कळ आली आणि डॉक्टर येण्याआधी संपलं. मी त्या आठवड्यात लातूरला होते. पोहोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. खोलीत तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लागल्या होत्या, आणि बाया भिंतीशी बसल्या होत्या. कॅलेंडरखालची जागा कुणी घेतली नव्हती, की मलाच तशी वाटली, ठाऊक नाही.

पुढे एका दुपारी वहिनींनी आपणहून सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. संगणक बंद होता. दादा खुर्चीत बसले होते. त्यांनी हाक मारली.

"म्हणले, जरा मधी ये. म्या तशीच आले, पिठाच्या हातानं. कॅलेंडराखाली हुभी ऱ्हायले. माझ्याकडं बघितलं. सरळ बघितलं बगा, मान बी न्हाई वळवली. म्हणले, हां. अन् मंग छातीला हात लावला."

मी न राहवून विचारलं, "वहिनी, ते 'मधी' म्हणाले की 'मध्ये'?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मधी म्हणले की. जरा मधी ये, असं."

"तसंच म्हणाले? मधी?"

"काहून, ताई? फरक हाय व्हय त्यात?"

वहिनींच्या तोंडात एकच मराठी आहे. दादा काहीही म्हणाले असते तरी त्यांच्या तोंडून ते 'मधी'च झालं असतं. त्या खोलीत तेव्हा तिसरं कुणी नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "काही फरक नाही."

मी आता ऱ्हस्व-दीर्घही बघते आणि अर्थही. चौकटींचा कागद वहिनींनी मला दिला आहे. रोज सकाळी एक डोळा झाकून मी त्यातल्या ठिपक्याकडे बघते. ओळी सरळ आहेत. संगणक मालकांनी परत मागितला नाही. दोन्ही डबे जागेवर आहेत, लाल तार लालला, काळी काळीला. खुर्ची होती तिथेच आहे. वहिनी ती हलवत नाहीत. तिच्याभोवतीने झाडून घेतात.